डब्यातला दिवा का लुकलुकतो?



घरातल्या घरात खेळण्यांची दुरुस्ती कशी करावी, यावर या सदरात मागे आम्ही थोडे लिहिले होते. ते वाचून कोकणातल्या एका भगिनीने सविस्तर पत्र पाठवले आहे. आजचे सदर त्या पत्राच्या उत्तरासाठी ठेवतो. प्रश्न एका घरातला आहे, पण तो पुष्कळ घरांच्या कामी येईल.

त्या लिहितात, "माझ्या भावाने सुट्टीत येताना इंग्लंडहून भाच्यासाठी विजेवर चालणारी छोटी आगगाडी आणली. एक इंजिन, तीन प्रवासी डबे, गोल रूळ आणि एक सांधा. डब्यांच्या खिडक्यांतून दिवे दिसतात. सुरुवातीचे दोन महिने आम्ही ईशानंतर खोलीतला दिवा मालवून सगळेच गाडी बघत बसायचो. हळूहळू डब्यांतले दिवे लुकलुकू लागले. आता तर गाडी धावताना सारखी उघडझाप होते आणि गाडी थांबली की पूर्ण अंधार. शहरातल्या दुकानदाराने सांगितले, तिन्ही डब्यांतले दिवे बदलावे लागतील आणि ते बाहेरून मागवावे लागतील. मुलाचे अब्बा म्हणतात, तू डबे उघडून बघितलेस म्हणून बिघडले. मुलगा म्हणतो, मी हातही लावला नाही. गाडी कपाटावर ठेवून दिली आहे आणि दोघे एकमेकांशी नीट बोलत नाहीत. सर, गाडीचे जाऊ द्या. माझा मुलगा खोटे बोलतो आहे का, एवढे तरी यावरून कळेल का?"

भगिनी, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी गाडी समजून घ्यावी लागेल. पण तुमचा जीव टांगणीला लागला असेल म्हणून एवढे आताच सांगतो: तुम्ही जी लक्षणे लिहिली आहेत ती डबा उघडल्याची नाहीत. बहुधा दिवेही बिघडलेले नाहीत. नवे दिवे मागवण्याची घाई करू नका.

वीज दिव्यापर्यंत कशी पोचते

या गाडीत बॅटरी नसते. भिंतीतल्या प्लगची २३० व्होल्टची वीज अडॅप्टरमध्ये येऊन १२ व्होल्टच्या आसपास उतरते. तिथून ती वेग कमी-जास्त करायच्या कंट्रोलरमध्ये आणि पुढे रुळांत जाते. डावा रूळ ही एक तार समजा आणि उजवा रूळ दुसरी. रुळावर लोखंडी किंवा पितळी चाक टेकते. चाकाच्या मागच्या बाजूला किंवा चाकाच्या आसावर धातूची एक पातळ, लवचिक पत्ती घासत असते. त्या पत्तीतून वीज डब्याच्या छतातल्या दिव्याकडे जाते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून दुसऱ्या रुळाकडे परतते.

म्हणजे रूळ, चाक, पत्ती, तार आणि दिवा अशी ही साखळी आहे. तार आणि दिवा एका जागी बसलेले असतात. रूळ आणि चाक, चाक आणि पत्ती यांचा मात्र नुसता स्पर्श असतो, तोही चालत्या गाडीत. दिव्यांच्या बहुतेक तक्रारी या दोन स्पर्शांच्या ठिकाणी जन्म घेतात.

तुमच्या पत्रात तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. गाडी थांबली की अंधार होतो, हा बिघाड नव्हे. साध्या कंट्रोलरमध्ये गाडीचा वेग रुळातल्या व्होल्टवर चालतो. बटण पुढे फिरवले की व्होल्ट वाढतात, इंजिन पळते आणि दिवेही उजळतात. बटण शून्यावर आणले की रुळात वीजच उरत नाही, मग दिवा कशावर पेटणार? पहिल्या दिवशीही असेच होत असणार. तेव्हा सगळ्यांचे डोळे धावत्या गाडीवर होते, म्हणून ते जाणवले नाही. डिजिटल कंट्रोलरच्या महाग गाड्यांत रुळात वीज कायम असते आणि इंजिनाला वेगळे संकेत जातात, त्यामुळे त्यांचे दिवे थांबल्यावरही चालू राहतात. तुमची गाडी साध्या पद्धतीची दिसते.

धावताना होणारी उघडझाप ही दुसरी तक्रार. ती खरी आहे आणि तिच्यावर इलाज आहे.

स्पर्श का तुटतो

रुळावर धूळ बसते. चाकांवर धूळ, तेलाचा अंश आणि झिजलेल्या धातूची पूड मिळून काळा थर जमतो. चाक आणि रूळ यांच्यात क्षणाक्षणाला बारीक ठिणग्या पडतात, त्यांनी तो थर आणखी पक्का होतो. हा थर वीज नीट वाहू देत नाही. त्यात कोकणची हवा दमट. गाडी जमिनीवर चटई किंवा गालिच्यावर मांडली असेल तर धागे आणि केस आसाभोवती गुंडाळले जातात आणि पत्ती चाकापासून दूर ढकलली जाते.

आता चाकांचा हिशेब पाहा. आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. रेल्वेच्या भाषेत मात्र डब्याखालचा चाकांचा गाडा म्हणजे बोगी. एका डब्याला अशा दोन बोगी, चार आस आणि आठ चाके. आठही चाकांतून वीज घेतली तर प्रत्येक रुळावर चार ठिकाणी स्पर्श होतो, आणि चारही एकाच क्षणी तुटणे अवघड. पण पुष्कळ डब्यांत पुढची बोगी फक्त डाव्या रुळाकडून आणि मागची फक्त उजव्या रुळाकडून वीज घेते. तिथे प्रत्येक रुळासाठी दोनच चाके उरतात. दोन्ही मळकट असली की दिवा गेलाच.

इंजिन का अडखळत नाही, असे मुले विचारतील. इंजिन जड असते, त्यामुळे त्याची चाके रुळावर दाबून बसतात. शिवाय ते एकदा फिरू लागले की क्षणभर वीज गेली तरी आपल्या जोरावर पुढे सरकते. डबा हलका, आणि दिव्याला असा जोर नाही.

इथे आणखी एक गोष्ट आहे, जी दुकानदाराच्या सल्ल्याशी जोडलेली आहे. जुन्या गाड्यांत तारेचे बारीक बल्ब असत. वीज क्षणभर गेली तरी तापलेली तार लगेच थंड होत नाही, म्हणून उजेड थोडा मंदावतो, पण डोळ्यांना फारसे कळत नाही. एलईडीचे तसे नाही. वीज गेली की तो तत्काळ विझतो आणि आली की तत्काळ पेटतो. स्पर्श सुधारल्याशिवाय जुने बल्ब काढून नवे एलईडी घातले तर लुकलुकणे कमी न होता अधिक ठळक दिसेल. पैसे जातील आणि तक्रार वाढेल.

खऱ्या गाडीत काय करतात

मुलांना हे समजावताना खऱ्या रेल्वेचे उदाहरण फार उपयोगी पडते. लांब पल्ल्याच्या आपल्या पुष्कळ डब्यांखाली चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेले जनित्र असते. गाडी धावते तेव्हा ते वीज तयार करते, दिवे-पंखे चालवते आणि डब्याखालच्या पेट्यांतल्या ११० व्होल्टच्या बॅटऱ्याही भारते. गाडी स्टेशनात उभी राहिली की जनित्र थांबते आणि बॅटऱ्या दिवे सांभाळतात. स्टेशनवर पुढच्या वेळी गेलात तर फलाटाच्या टोकावरून डब्याखालच्या त्या पेट्या मुलांना दाखवा.

मुंबईच्या लोकलने वर्षानुवर्षे प्रवास केलेल्यांनी उलट अनुभवही घेतला आहे. काही ठरावीक जागी डब्यातले दिवे आणि पंखे क्षणभर बंद पडत, गाडी मात्र चालतच राही. वरच्या तारेच्या दोन विभागांमध्ये वीज नसलेला एक छोटा तुकडा असतो. तो पार होईपर्यंत गाडी आपल्या वेगावर सरकते. आपल्या खेळण्यातल्या सांध्यावर नेमके हेच घडते. जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे पुष्कळदा प्लास्टिकचा तुकडा असतो. त्यावरून जाताना चाकाला वीज मिळत नाही.

आधी निदान

औषध देण्यापूर्वी डॉक्टर नाडी पाहतो, तसे आधी चार गोष्टी पाहा. मुलाच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि रुळाच्या गोलाचे चित्र काढायला सांगा. खोलीत अंधार करून गाडी सावकाश फिरवा. दिवा जिथे विझेल तिथे चित्रावर फुली मारायची. पाच फेऱ्या पुरेत.

एक : तिन्ही डबे एकाच जागी विझत असतील तर दोष रुळात आहे. तिथली धूळ, रुळांच्या तुकड्यांमधला सैल जोड किंवा सांधा पाहा.

दोन : फुल्या सगळीकडे पसरल्या असतील आणि तिन्ही डब्यांच्या असतील, तर रूळ आणि चाके दोन्ही मळकट आहेत.

तीन : एकच डबा सगळीकडे लुकलुकत असेल आणि बाकीचे दोन ठीक असतील, तर दोष त्या डब्याच्या चाकांत किंवा पत्तीत आहे. खात्रीसाठी डब्यांचा क्रम बदला. पहिला डबा शेवटी लावूनही तोच लुकलुकला तर निदान पक्के.

चार : एखादा डबा कधीच पेटत नसेल, तर आतली तार तुटली असण्याची शक्यता अधिक.

आणखी एक सोपी तपासणी आहे. इंजिन रुळावरून उचलून ठेवा, बटण अर्ध्यापर्यंत फिरवा आणि एकेक डबा हाताने अगदी हळू ढकला. दिवा विझला की थांबा आणि डबा बोटाने हलकेच दाबा. दाबल्यावर दिवा पेटला तर स्पर्श कच्चा आहे, दिवा चांगला आहे. बाहेरून नवे दिवे मागवण्याआधी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी केलीच पाहिजे.

मग सफाई

अडॅप्टर भिंतीतून काढा. वीज चालू असताना सफाई करायची नाही, कारण साफ करायचा द्रव पेट घेणारा असतो.

औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि काच पुसायला ते वापरतात. हे विषारी रसायन आहे, पोटात जाता कामा नये. त्यामुळे बाटली मोठ्यांनी आपल्या हातात ठेवावी, खिडकी उघडी ठेवावी आणि चूल किंवा शेगडी जवळ नसावी. धागे न सुटणारे स्वच्छ सुती फडके त्यात किंचित ओले करून रुळाच्या वरच्या आणि आतल्या कडेवरून फिरवा. फडके काळे होणे थांबेपर्यंत जागा बदलत पुसा.

चाकांसाठी एक छान युक्ती आहे. ओले फडके रुळावर आडवे टाका, डब्याची एक बोगी त्यावर आणि दुसरी मोकळ्या रुळावर ठेवून डबा पुढे-मागे ढकला. फडक्यावर चाकांच्या काळ्या रेघा उमटतील. मग दुसरी बोगी फडक्यावर. कोपऱ्यातला मळ कानाच्या काडीने काढा. मुलांना हे काम इतके आवडते की त्यांना थांबवावे लागते.

आसाभोवतीचे केस आणि धागे चिमट्याने काढा. पत्ती चाकाला टेकते का ते पाहा. टेकत नसेल तर चिमट्याने अगदी थोडी आत वळवा. फार वळवली तर ती ब्रेकसारखी काम करते आणि चाक फिरायचे थांबते. डबा उताराच्या फळीवर ठेवला असता स्वतःहून घरंगळला पाहिजे, एवढाच दाब बरोबर.

तीन गोष्टी मात्र टाळा. पॉलिश पेपरने रूळ घासू नका. त्याने बारीक ओरखडे पडतात आणि पुढे त्यांत मळ आणखी घट्ट बसतो. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो. आणि चाक सुरळीत फिरावे म्हणून शिलाई मशीनचे तेल ओतू नका. एक थेंब जास्त झाला तरी तेल चाकावरून रुळावर आणि रुळावरून सगळ्या डब्यांवर पसरते.

इतके केल्यावर बहुतेक गाड्यांचे लुकलुकणे बरेचसे थांबते. सांध्यावरची एखादी उघडझाप मात्र उरते, कारण तिथे मळ नाही, वीजच नाही.

सांध्यावरचा अंधार कसा घालवायचा

हिशेब करू. गाडी सेकंदाला २० सेंटिमीटर धावते असे धरू. इंग्लंडच्या या गाड्या बहुधा खऱ्याच्या १:७६ मापाच्या असतात, म्हणजे खऱ्या गाडीच्या हिशेबात हा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास झाला. वीज नसलेली जागा २ सेंटिमीटरची असेल तर ती ओलांडायला एक दशांश सेकंद लागतो. एवढा अंधार डोळ्यांना स्पष्ट दिसतो. तेवढ्या वेळेपुरती वीज डब्यात साठवता आली की काम झाले. खऱ्या डब्यात हे काम बॅटऱ्या करतात, आपल्या डब्यात ते कपॅसिटर करील.

पंख्याच्या कंडेन्सरची आपल्याला ओळख आहे. हा त्याच जातीचा, पण वेगळ्या घडणीचा आहे. याला धन आणि ऋण अशा दोन ठरलेल्या बाजू असतात. अंगावर पट्टा असलेली बाजू ऋण.

एका डब्याला लागणारे सामान असे : एक छोटा ब्रिज रेक्टिफायर, ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक कपॅसिटर, १०० ओहमचा एक रेझिस्टर, दोन पांढरे एलईडी आणि २.२ किलोओहमचे दोन रेझिस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा जिल्ह्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हे मिळते. एका डब्याचा खर्च घरच्यांनी एकदा बाहेर चहा-नाश्ता करण्याहून जास्त होऊ नये. डब्यात आधीच एलईडी आणि ब्रिज असेल तर फक्त कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर पुरतो.

जोडणी : दोन्ही बाजूंच्या पत्त्यांकडून आलेल्या दोन तारा ब्रिजच्या लाटेची खूण असलेल्या दोन पायांना जोडा. ब्रिजचे काम असे की गाडी पुढे जावो की मागे, पलीकडच्या धन पायावर धनच आणि ऋण पायावर ऋणच मिळते. तो नसेल तर एलईडी एकाच दिशेला पेटेल. ब्रिजच्या धन पायापासून २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एलईडीच्या लांब पायाकडे जा, आखूड पाय ऋणाला. दुसऱ्या एलईडीचेही तसेच. शेवटी कपॅसिटरची पट्ट्याची बाजू ऋणाला आणि दुसरी बाजू १०० ओहमच्या रेझिस्टरमधून धनाला.

हे आकडे कुठून आले, ते नववी-दहावीच्या मुलांनी स्वतः पडताळावे. १२ व्होल्टपैकी ब्रिजमध्ये साधारण १.४ व्होल्ट जातात, पांढरा एलईडी ३ व्होल्टच्या आसपास घेतो, उरले ७.६. त्याला २२०० ने भागले की साडेतीन मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. डब्याच्या खिडक्या उजळायला तेवढा पुष्कळ. दोन एलईडींचे मिळून ७ मिलीअँपिअर. एवढ्या थोड्या प्रवाहाला ४७० मायक्रोफॅरडचा साठा साधारण अर्धा सेकंद पुरतो. आपल्याला हवा होता एक दशांश. जुन्या बल्बांना प्रवाह कितीतरी जास्त लागे, म्हणून त्यांना एवढासा कपॅसिटर पुरला नसता. एलईडी लवकर विझतो ही त्याची खोड, आणि थोडक्यात भागवतो हा त्याचा गुण.

१०० ओहमचा रेझिस्टर कशाला? रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी वीज अधाशासारखी ओढतो. तीन डब्यांचे तीन कपॅसिटर एकदम ओढू लागले तर कंट्रोलरवर ताण येतो. हा रेझिस्टर त्यांना सबुरीने भरायला लावतो.

कपॅसिटर ठेवायचा कुठे, हा प्रश्न जगभरच्या हौशी लोकांनी मजेदार रीतीने सोडवला आहे. डब्याच्या टोकाला संडास असतो, तिथली काच दुधी असते, आतले काही दिसत नाही. कपॅसिटर तिथे उभा करून लपवतात.

जपून

कथलाचा डाख देण्याचे काम मोठ्या माणसाने करावे किंवा शेजारी बसून करवून घ्यावे. २५ वॅटची कावी पुरे. धूर तोंडावर घेऊ नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. कपॅसिटर उलटा जोडला तर तापून फुटू शकतो, म्हणून वीज सोडण्यापूर्वी पट्ट्याची बाजू दोघांनी दोनदा पाहावी. अडॅप्टर उघडायचा नाही, त्यात २३० व्होल्ट आहेत. यातला कोणताही भाग थेट भिंतीतल्या विजेला जोडायचा नाही.

ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांच्या मुलांसाठी एक प्रयोग देतो. आम्ही तो वर्गात करून दाखवतो. ९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर घ्या. आधी कपॅसिटरशिवाय एलईडी पेटवा आणि बॅटरी काढा, तो पटकन विझेल. मग कपॅसिटर बॅटरीच्या दोन टोकांना, धन-ऋण नीट पाहून, जोडा आणि पुन्हा बॅटरी काढा. आता दिवा मंदावत, दोन-तीन सेकंद घेऊन विझतो. पाठ्यपुस्तकातली विद्युतभार साठवण्याची व्याख्या मुलांना पाठ असते, पण हा मंदावणारा दिवा पाहिल्यावर ती कळते.

एक पथ्य मात्र पाळा. सफाईच्या आधी कपॅसिटर लावू नका. लावला तर दिवे स्थिर दिसतील आणि मळ आत तसाच वाढत राहील. काही महिन्यांनी इंजिनच अडखळू लागेल, तेव्हा कारण शोधणे अवघड जाईल. लुकलुकणारा दिवा मळाची खबर देत असतो. आधी ती खबर ऐकावी, मग दिवा स्थिर करावा.

मुलाच्या अब्बांसाठी

आता भगिनीच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. मुलाने डबे उघडले असते, तर काय दिसले असते? बहुधा एखाद्या डब्याची तार तुटली असती आणि तो डबा एका दिवसात, कायमचा बंद पडला असता. छताचा खिळा मोडला असता किंवा छत नीट बसले नसते. तुमच्या पत्राप्रमाणे तिन्ही डबे, हळूहळू, एकसारखे बिघडत गेले. तीन डब्यांत एकाच वेळी, एकाच चालीने वाढणारा दोष हा धुळीचा असतो. गाडी जितकी जास्त चालवली तितकी ती मळली, आणि चालवताना तर सगळे घर बसत होते.

आम्ही लांबून बोलतो आहोत, गाडी आम्ही पाहिलेली नाही. म्हणून आमच्या शब्दावर विसंबू नका. वर सांगितलेली तपासणी बाप-लेकांनी मिळून करावी, अशी आमची मुलाच्या अब्बांना विनंती आहे. डबा बोटाने दाबल्यावर दिवा पेटला आणि फडक्यावर काळ्या रेघा उमटल्या, तर मुलगा खरे बोलत होता. तसे झाले तर अब्बांनी ते तोंडाने म्हणावे: "बेटा, तू खरे सांगत होतास." मूल दोषी नसताना घरात त्याच्यावर संशय राहिला, तर पुढच्या वेळी खरोखर काही मोडल्यावर ते सांगायला येणार नाही. शाळेत आम्ही हे नेहमी पाहतो. एखादी वस्तू बिघडली की आपला पहिला प्रश्न "कोणी केले?" असा असतो. तो प्रश्न आला की मुले हात मागे लपवतात. "कुठे अडले आहे, बघू या" म्हटले की तीच मुले हात पुढे करतात.

आणि समजा, मुलाने डबा उघडला होता असे निघाले, तरीही आता त्याला दडवण्याचे कारण उरू देऊ नका. आत काय आहे हे पाहण्याची इच्छा वाईट नाही. फक्त ते अब्बांच्या शेजारी बसून, अडॅप्टर काढून पाहायचे, एवढे त्याला सांगा.

पुढे गाडी जमिनीवर न मांडता टेबलावर किंवा प्लायच्या फळीवर मांडा. खेळून झाले की डबे झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात त्यात ओलावा शोषणारी पुडी टाका. महिन्यातून एकदा फडके फिरवा. आणि सुट्टीत पुण्याला जाणे झाले तर कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना दाखवा. ते १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथे छोट्या शहराभोवती गाड्या धावताना पाहून घरच्या गोल रुळांना पुढे काय जोडावे, हे मुले स्वतःच सांगू लागतील.

पुढील महिन्यात पाण्याच्या टाकीच्या बॉलकॉकविषयी लिहू. टाकी भरूनही पाणी वाहत राहते, अशी तक्रार तीन वाचकांनी कळवली आहे. आपल्या घरातली अशी एखादी अडचण असेल तर जरूर लिहा. वस्तू कधीपासून, कशी आणि कुठे बिघडत गेली, तेवढे मात्र त्यात असू द्या.